निळ्या ठिपक्याचा पॅड

मी घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करायला नको. मॅनेजरनं चॅटवर 'दोन मिनिटं आहेत का?' एवढं विचारलं तरी मी मनात राजीनामा लिहायला घेतो. लिफ्ट जरा जास्त हलली की मी भिंत धरतो. आणि अशा माणसाला आयुष्यात जमलं काय, तर मारामारी. स्क्रीनवरची, पण मारामारीच.

नाव धम्मदीप, वय बत्तीस, मुक्काम वारजे, आईबरोबर. दिवसा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधतो. उरलेल्या वेळात फायटिंग गेम खेळतो. गंमत म्हणून नाही, स्पर्धेत. दोन खेळाडू एकाच स्क्रीनसमोर शेजारी शेजारी बसतात, हातात पॅड, म्हणजे बटणांचे कंट्रोलर असतात आणि स्क्रीनवर त्यांचे दोन पहिलवान एकमेकांना बडवतात. दोन राऊंड जिंकले की एक गेम. तीन गेम जिंकले की सामना. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

२०१९ साली मी पुण्याच्या रँकिंगमध्ये पहिला होतो. त्या जोरावर बंगळुरूला मोठ्या स्पर्धेला गेलो. तिथे स्टेज होतं, दिवे होते, सहाशे लोक होते. पहिल्या गेमला माझा डावा अंगठा हललाच नाही. दुखत नव्हता, मुरगळला नव्हता, नुसता घाबरला होता. माझा पहिलवान मधोमध उभा राहून मार खात होता आणि लोक आधी ओरडले, मग हसले, मग गप्प झाले. ते गप्प होणं सगळ्यात वाईट होतं. त्याची क्लिप पुढे वर्षभर फिरत राहिली. मी पुण्याला आलो, पॅड माळ्यावर टाकला आणि चार वर्षं त्याचं नाव काढलं नाही.

तो पॅड खाली काढायला लावला मकबूलचाचांनी. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. टीव्हीवर गेम चालवणारे कन्सोल, पॅड, रिमोट, जे बिघडेल ते दुरुस्त करतात. पुण्यातल्या प्रत्येक खेळाडूचा पॅड त्यांच्या हाताखालून गेलेला आहे आणि आमच्या स्पर्धांचे सगळे सेटअप, म्हणजे टीव्ही आणि कन्सोलच्या जोड्या, त्यांच्याच दुकानातून येतात. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात नंबर. पॅड मात्र सगळे सारखेच काळे. म्हणून फार पूर्वी त्यांच्या मुलीनं, आलिमानं, माझ्या पॅडच्या पाठीवर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तेव्हा ती बारा वर्षांची होती. शाळेतून आली की काउंटरच्या मागे स्टुलावर बसायची आणि मला म्हणायची, "दादा, ती पकड परत दाखव ना." समोरच्याला कवेत घेऊन आपटायची ती पकड. मीच शिकवली तिला. ती सोडवायची कशी, तेही मीच शिकवलं.

"चार साल झाले," चाचा म्हणाले. "बंगळुरूवाले विसरले पण तुला. तूच नाही विसरला. आण तो पॅड, साफ करून देतो."

मी परत आलो तेव्हा आलिमा बावीस वर्षांची होती आणि रँकिंगमध्ये पहिली.

त्या वर्षीच्या सर्किटमध्ये सहा स्पर्धा होत्या. सहा मिळून ज्याचे गुण सगळ्यात जास्त, तो एकटाच सिंगापूरला आशियाई फायनलला जाणार होता. मला तिथं जायचं होतं. सिंगापूर बघायला नव्हे. तिथल्या स्टेजवर बसून माझा अंगठा हललेला मला बघायचा होता. बंगळुरूला बसलेला तो माणूस मी नव्हतोच, हे मला एकदा स्वतःलाच पटवून द्यायचं होतं. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा संधी येत नाही, आमच्यात पंचवीसचा माणूस म्हातारा. चार स्पर्धांनंतर आलिमा पहिली होती, मी दुसरा, आणि मध्ये चाळीस गुणांचं अंतर.

पाचवी स्पर्धा एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयात होती. मुहूर्त नसलेला रविवार आम्हाला स्वस्तात मिळायचा. दुपारी बारा वाजता मी चार नंबरच्या सेटअपवर खेळलो आणि जिंकलो, पण पॅडवरची, पहिलवानाला हलवायची कांडी आपोआप डावीकडे सरकायला लागली होती. अशा पॅडवर पुढे खेळणं धोक्याचं. तेवढ्यात आयोजक अनंत माइकवरून ओरडला, "धम्मदीप, दोन नंबर, लगेच!" हा अनंत खराडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि रविवारीही तसाच वागतो. मी निळ्या ठिपक्याचा पॅड बॅगेत कोंबला, दुसरा नवा पॅड काढला आणि पळालो. उरलेले सामने नव्यावरच खेळलो.

आता आमच्याकडची एक सवय सांगायला हवी. पॅड वायरलेस असतात. खेळायला बसलं की पॅड त्या कन्सोलशी जोडायचा, त्याला आम्ही पेअर करणं म्हणतो. उठताना अनपेअर करायचा. गॅस बंद करून घराबाहेर पडावं तसं हे अंगवळणी पडलेलं असतं. का, तर तो पॅड पुढे चुकून बॅगेत दाबला गेला, की जागा होऊन आपल्या जुन्या कन्सोलला हाक मारतो. तिथे दुसऱ्याच दोघांचा सामना चालू असतो आणि तो मध्येच थांबतो.

चार वाजता आलिमा चार नंबरवर खेळत होती. समोर रोहन, तिसऱ्या क्रमांकाचा. शेवटचा गेम, शेवटचा राऊंड, रोहनचा पहिलवान अर्धमेला. तिच्या पहिलवानानं हात उचलला आणि स्क्रीन थांबली. वर पाटी आली, नवा कंट्रोलर जोडला गेला आहे.

नियम कडक आहे. चालू सामना ज्याच्यामुळे थांबेल, त्याचा तो राऊंड गेला. पॅड तिसऱ्याच कुणाचा असेल तर तो माणूस स्पर्धेतून बाद, त्याचे त्या दिवसाचे सगळे गुण शून्य. अनंतनं माइकवरून तीनदा विचारलं, "पॅड कुणाचा आहे? बॅगा बघा आपापल्या." मी मागच्या रांगेत सामोसा खात होतो. मी बॅग उघडली, नवा पॅड बघितला, बंद होता. निळ्या ठिपक्याच्या पॅडची मला आठवणही झाली नाही. हे खरं आहे. त्या क्षणी मी खोटं बोललो नाही.

आलिमाच्या बॅगेत एक जादा पॅड होता आणि आधीच्या एका सामन्यात तिनं तो चार नंबरवरच वापरला होता. ती म्हणाली, "मी अनपेअर केला होता." तिचा चेहरा तापला होता. पण दुसरं कुणी पुढे आलं नाही, तेव्हा अनंतनं ठरवलं की पॅड तिचाच. एक वाट उरली होती. समोरच्यानं मोठ्या मनानं राऊंड सोडला तर खेळ पुढे चालू राहतो. अनंतनं रोहनला विचारलं, "घेणार की सोडणार?"

"घेतो," रोहन म्हणाला आणि पाण्याची बाटली उघडली.

आलिमा हरली. पुढे फायनलला मी रोहनला हरवलं आणि पाचवी स्पर्धा जिंकलो. रँकिंगमध्ये मी पहिला झालो, आलिमा दुसरी, मध्ये पंधरा गुण. मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर तिनं मला गाठून हात मिळवला. "अभिनंदन, दादा. शेवटच्या स्पर्धेत बघते तुला." मागून कुणीतरी पोरगं हसत म्हणालं, "पॉझवाली आली बघ." तिनं वळूनही पाहिलं नाही.

घरी आईनं शिरा केला होता. माझी आई हिरा, महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. तिला माझ्या खेळातलं काही कळत नाही, पण जिंकलो की शिरा आणि हरलो तरी शिरा, फक्त हरल्यावर बेदाणे जास्त. मी खुशीत होतो. बॅग रिकामी करायला घेतली. डबा काढला आणि डब्याखाली निळ्या ठिपक्याचा पॅड सापडला. कांडी कितपत बिघडलीय बघू म्हणून मी त्याचं मधलं बटण दाबलं.

माझा कन्सोल दोन हातांवर होता. तो सुरू झाला नाही. पॅडचा दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला आणि विझला. मी परत दाबलं. परत तेच. पॅडची बॅटरी जवळजवळ संपली होती, आणि सकाळी ती मी पूर्ण भरली होती.

पॅड फक्त शेवटचा कन्सोल लक्षात ठेवतो. माझ्या पॅडला माझं घर आठवत नव्हतं. तो चार नंबरला शोधत होता. दुपारी बॅगेत डब्याखाली दाबला जाऊन तो चार नंबरलाच शोधत होता.

माझे पाय गार पडले. खरोखर गार, फरशीवर पाणी सांडल्यासारखे. आई आतून म्हणाली, "शिरा गार होतोय," आणि मी "आलो" म्हणालो आणि हललो नाही.

अजूनही सांगता आलं असतं. फोन उचलायचा, अनंतला म्हणायचं, माझा होता. मग माझे पाचव्या स्पर्धेचे गुण शून्य, आलिमा पहिली, सिंगापूर संपलं. आणि सकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी माझं नाव. मला क्लिप दिसायला लागली, नवी क्लिप, माझ्या चेहऱ्याची. मी फोन उचलला नाही. उद्या सांगू म्हटलं. पहिला दिवस गेला की दुसऱ्या दिवशी 'काल का नाही सांगितलं' याचंही उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर रोज वाढत जातं.

शेवटच्या स्पर्धेला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत मी जेवढा घाबरलो तेवढा बत्तीस वर्षांत मिळून घाबरलो नसेन. पॅड मी कपाटात स्वेटरच्या खाली ठेवला. ऑफिसात फोन वाजला की वाटायचं, अनंत. ग्रुपवर मेसेज आला की आधी डोळे मिटायचो, मग एक उघडायचो. अनंतनं एकदा लिहिलं, 'चार नंबरच्या पॅडबद्दल कुणाला काही माहिती असेल तर अजूनही सांगा.' त्याखाली रोहननं हसरा चेहरा टाकला, दुसऱ्या कुणी पॉझच्या बटणाचं चित्र टाकलं. मी काहीच टाकलं नाही आणि मग रात्रभर वाटत राहिलं की काहीच न टाकणारा मी एकटाच दिसलो असणार. आई सकाळी बुद्धवंदना म्हणते. पंचशीलातल्या चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज चढतो असं मला वाटायला लागलं. तिला काही ठाऊक नव्हतं. तिचा आवाज तिथं नेहमीच चढत असेल, मीच आधी ऐकत नसेन.

पाचव्या आठवड्यात मकबूलचाचांचा फोन आला. "अरे, त्या निळ्या ठिपक्यावाल्याची कांडी खराब झाली ना? आणत का नाही? शनिवारी ये. फायनलच्या आधी करून देतो."

कांडी खराब झाल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. मग आठवलं, त्या दिवशी चार नंबरवरून उठताना मी मोठ्यानं म्हणालो होतो. कुणी ऐकलं असेल? शेजारी कोण उभं होतं? मी आठवत बसलो. त्यानंतर कोण खेळायला बसलं होतं, तेही आठवलं. आलिमाच तिथं येऊन बसली होती.

शनिवारी सकाळी मी पॅड स्वेटरखालून काढला. तो चार्ज केला नव्हता, कशाला लावला नव्हता. अजूनही त्याच्या डोक्यात चार नंबर होता. चाचांच्या दुकानात फळीवर चार नंबर असणार. त्यांनी पॅडचं मधलं बटण दाबलं की तो कन्सोल तिथल्या तिथे जागा होणार, सगळ्यांसमोर. मी केबल घेतली, एक टोक पॅडला, दुसरं माझ्या कन्सोलला. टुंग वाजलं. दिवा निळा आणि स्थिर झाला. दोन सेकंद लागले. आता पॅडला पुन्हा माझंच घर आठवत होतं.

पाच आठवडे मी गप्प होतो, ते एक. पण हे दोन सेकंद मी हातानं केले, आणि करताना मला माहीत होतं मी काय करतोय. चूक तोवर चूक होती. त्या टुंगनंतर ती चोरी झाली.

दुकानात चाचा काउंटरवर होते, आलिमा मागे स्टुलावर बसून एका रिमोटला डाग देत होती. मागच्या फळीवर सेटअपचे कन्सोल ओळीनं. चार नंबरखाली केशरी दिवा लागलेला होता, म्हणजे तो झोपला होता पण वीज चालू होती. बाकी सगळे बंद. फक्त तो एकच का चालू ठेवला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दे," चाचा म्हणाले. मी पॅड दिला. त्यांनी उलटा करून निळा ठिपका बघितला, अंगठ्यानं पुसला, सुलटा केला आणि मधलं बटण दाबलं.

आणि मी चार नंबरकडे बघितलं.

पॅडकडे नाही, चाचांकडे नाही. फळीवरच्या त्या एका केशरी दिव्याकडे. ज्याला काही माहीत नाही तो माणूस तिकडे कशाला बघेल? अर्ध्या सेकंदाची गोष्ट होती. आमच्या खेळात अर्ध्या सेकंदात माणूस मरतो. केशरी दिवा केशरीच राहिला. मी श्वास सोडला आणि समोर बघितलं, तर आलिमा हातातली सोल्डरिंगची गन तशीच धरून माझ्याकडे बघत होती. फळीकडे ती एकदाही बघत नव्हती.

"हं," चाचा म्हणाले. "नाही होत." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असं मला वाटलं. त्यांना खरंच मला गुन्हेगार ठरवायचं नव्हतं. "कांडी बदलतो. अर्धा तास लागेल. चहा घे."

"नको, घाई आहे," मी म्हणालो. पॅड तिथंच सोडून निघालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आलिमा हाक मारेल असं वाटत होतं. तिनं मारली नाही. दोन दिवसांनी दुरुस्त पॅडबद्दल तिचा मेसेज आला. 'झालाय. घेऊन जा.' त्यात दादा नव्हतं. तो एक शब्द नसलेला मेसेज मी दिवसातून दहादा उघडून बघायचो, जणू पुढच्या वेळी तो तिथं येऊन बसलेला असेल.

तिच्याकडे पुरावा नव्हता. पुरावा मी केबलनं मारला होता. बिनपुराव्याचं बोलायचं नाही ही मकबूलचाचांची शिकवण, ती तिनं पाळली. ती बोलली असती तर मी नाही म्हणालो असतो, आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती याचीच. मी अगदी चांगल्या प्रकारे नाही म्हणालो असतो.

सहाव्या स्पर्धेला आई आली. "इतकी वर्षं ऐकतेय, एकदा बघते तरी काय असतं," म्हणाली, आणि पर्स मांडीवर घेऊन मकबूलचाचांशेजारी बसली. चाचांनी तिला "या, हिराताई" म्हणून पंख्याखालची खुर्ची दिली. फायनलला आम्हीच दोघं पोचणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तसंच झालं. गुणांचा हिशोब सोपा होता. हा सामना जो जिंकेल तो सिंगापूरला.

आलिमा येऊन माझ्या डाव्या बाजूला बसली. तिच्या कोपराला माझं कोपर लागत होतं. मी निळ्या ठिपक्याचा पॅड घेतला होता. का, ते आजही नीट सांगता येत नाही. नवा घ्यायला हात गेला होता, मग वाटलं, नवा घेतला तर तिला कळेल. तिला कळलेलंच होतं, तरी वाटलं.

पहिला गेम ती जिंकली, दुसरा मी, तिसरा मी, चौथा ती. बंगळुरूसारखा अंगठा थिजेल म्हणून मी वाट बघत होतो. थिजला नाही. उलट इतका छान चालला होता की मला त्याचीच भीती वाटायला लागली. पाचव्या गेमला एकेक राऊंड झाला. शेवटच्या राऊंडला तिच्या पहिलवानाची नखाएवढी शक्ती उरली, माझ्याकडे जवळजवळ निम्मी. ती कोपऱ्यात अडकली होती. एक पकड टाकायची, संपलं. मागे लोक उभे राहिले होते.

तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. मी जिंकणार, अनंत माझा हात वर करणार, आई टाळ्या वाजवणार, चाचा पाठीवर थाप मारणार, आणि ही पोरगी दुसऱ्यांदा माझा हात हातात घेऊन अभिनंदन म्हणणार. आणि मग सिंगापूरला त्या दिव्यांखाली मी हे घेऊन बसणार. अंगठा थिजायला तेवढं पुरेसं होतं. पुढच्या प्रत्येक स्टेजवर पुरेसं होतं.

मी पॉझचं बटण दाबलं.

हॉलमध्ये आधी गोंगाट झाला, मग कुजबुज. अनंत धावत आला. "पॉझ कुणी केला?"

"मी."

"चुकून?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. माझा डाव ठरलेला होता, सांगायला लाज वाटते पण होता. नियमाप्रमाणे राऊंड तिला जाणार. राऊंड म्हणजे गेम, गेम म्हणजे सामना, सामना म्हणजे सिंगापूर. तिचं तिला मिळालं, माझं तोंड बंद राहिलं. लोक म्हणतील धम्मदीप पुन्हा घाबरला, अंगठा घसरला, बिचारा. बिचारा चालेल मला. त्याची सवय होती.

अनंत तिच्याकडे वळला. "आलिमा, नियमाप्रमाणे राऊंड तुझा. घेणार की सोडणार?"

तिनं 'घेते' म्हटलं असतं तर ती पहिली होती. मागून कुणीतरी ओरडलंही, "घे की!" रोहनच असावा. आलिमा स्क्रीनकडे बघत नव्हती. ती माझ्या मांडीवरच्या पॅडकडे बघत होती.

"मला हा राऊंड नको," ती म्हणाली. "मला तो पाहिजे."

"तो म्हणजे कुठला?" अनंतनं विचारलं.

ती माझ्याकडे वळली. मला म्हणाली, अगदी हळू, "त्या दिवशी दुकानात तू चार नंबरकडे का बघितलंस?"

हॉल गप्प झाला. बंगळुरूचं तेच गप्प होणं. मला ते ओळखता आलं, इतक्या वर्षांनीही. अनंतच्या हातात माइक होता. तो मी मागितला नाही, त्यानंच माझ्यासमोर धरला, आणि मला वाटलं आता मी नाही म्हणणार. माझ्या आत तो नाही तयार होता, चांगला घासूनपुसून ठेवलेला. मी मागे बघितलं. आई पर्स घट्ट धरून बसली होती. काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं, पण माझं काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं. ताप मोजताना बघायची तशी ती माझ्याकडे बघत होती.

"पाचव्या स्पर्धेत चार नंबर थांबला, तो पॅड माझा होता," मी म्हणालो. माझाच आवाज स्पीकरमधून माझ्यावर आला. "अनपेअर करायचा राहिला. मला त्याच संध्याकाळी कळलं. मी सांगितलं नाही. मग चाचांनी पॅड बघायला मागवला, तेव्हा मी तो आधी घरच्या कन्सोलला जोडला, म्हणजे त्यांना सापडू नये. आलिमाची काही चूक नव्हती."

मकबूलचाचांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसले. ते मला बंगळुरूपेक्षा वाईट वाटलं. पॅड मांडीवरून घसरला आणि मी तो गुडघ्यांत धरला.

अनंतनं खिशातून फोन काढला, तिथंच उभ्या उभ्या गुण वजा केले आणि कोरड्या आवाजात सांगितलं. "धम्मदीप, पाचव्या स्पर्धेतून बाद. गुण शून्य. आजचा सामना कुणीही जिंकलं तरी सर्किटमध्ये पहिली आलिमा." मग जरा थांबून म्हणाला, "हा सामना इथंच संपवू या का? आता काही अर्थ नाही."

"आहे," आलिमा म्हणाली. "मी राऊंड सोडला ना? मग खेळ चालू आहे." ती खुर्चीत सरळ झाली, पॅड दोन्ही हातांत घेतला. "पॉझ काढ."

मी काढला. मी सोडून दिलं नाही, हे शपथेवर सांगतो. अंगात जेवढं बळ उरलं होतं तेवढ्यानं मी पकड टाकली, तीच, कवेत घेऊन आपटायची. तिनं ती सोडवली. जशी मी शिकवली होती अगदी तशी, एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही. मग कोपऱ्यातून बाहेर आली आणि नखाएवढ्या शक्तीवर तिनं माझी निम्मी संपवली. अकरा सेकंद लागले.

लोक ओरडत होते, पण ते तिच्यासाठी. मी उठायला लागलो. बॅग कुठे ठेवली ते आठवेना, फक्त इथून बाहेर पडायचं होतं, आईला घेऊन, मागच्या दारानं. बॅग खुर्चीखाली सापडली, पॅड आत टाकत होतो तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता बोलेल ती, सहा आठवड्यांचं सगळं बोलेल, आणि ऐकून घ्यायला मी उभा राहिलो.

"आधी अनपेअर कर, दादा," ती म्हणाली.